बुडबुडा-नळी पातळीमापक

टाकीतील द्रवाची पातळी हवेच्या दाबावरून मोजणारे उपकरण. टाकीत वरून जवळजवळ तळापर्यंत एक नळी सोडतात आणि तिच्यातून संपीडित हवा अगदी सावकाश, पण सतत सोडत राहतात. खालच्या तोंडातून बुडबुडे निघू लागले, की नळीतील दाब त्या तोंडावरील द्रवस्तंभाच्या दाबाइतका झाला असे समजावे. हा दाब मापकावर वाचला, की पातळी कळते. पाण्याच्या 1 मी. उंचीला सुमारे 9.8 किलोपास्कल दाब भरतो, तर पाण्याच्या सुमारे 1.84 पट घन असलेल्या तीव्र सल्फ्यूरिक अम्लाच्या तेवढ्याच उंचीला सुमारे 18. त्यामुळे द्रवाची घनता बदलली, की वाचन चुकते. ही या पद्धतीची खरी मर्यादा.

नळीच्या तोंडाला सहसा व्ही आकाराची खाच पाडतात. त्यामुळे बुडबुडे बारीक व एकसारखे सुटतात आणि काटा थरथरत नाही. तोंड तळापासून थोडे वर ठेवतात, नाहीतर गाळाने बुजते. बुजलेल्या नळीत दाब चढतो आणि टाकी रिकामी होत असतानाही भरलेली दिसते, हा धोका चालकाने कायम लक्षात ठेवावा.

बंद टाकीत द्रवावरील वायूचा दाब वजा करावा लागतो. ज्वालाग्राही द्रवांसाठी हवेऐवजी नायट्रोजन वापरतात.

टाकीत वीज नाही, हलणारा भाग नाही, द्रवाशी संबंध फक्त नळीचा. म्हणूनच अम्ले, सांडपाणी व किरणोत्सर्गी द्रव यांसाठी ही साधी पद्धत आजही भरवशाची ठरते.