रवा : वितळलेल्या धातूच्या थेंबाचा इतिहास

१/ बुलढाणा जिल्ह्यातील खामगाव ही एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडातील कापसाची मोठी पेठ होती. १८७० मध्ये जलंबहून तेथे रेल्वेचा फाटा आला. आज हे शहर चांदीच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. चांदीच्या कारागिरीत एक छोटासा शब्द फार जुना आहे : रवा, म्हणजे वितळून गोठलेला धातूचा कण.

२/ रवा पाडण्याची सर्वांत सोपी रीत अशी : मुशीत वितळवलेली चांदी बारीक धारेने पाण्यात ओतायची. धार तुटते, थेंब होतात, थेंब गोठतात. असे कण हवे तेवढे तोलून घेता येतात. मिश्रधातू करताना हे सोयीचे ठरते. मात्र पाण्यात ते एकदम गोठत असल्याने वेडेवाकडे राहतात.

३/ दागिन्यावरील रवाकामाला मात्र एकसारखे गोल दाणे लागतात. त्यासाठी तारेचे समान तुकडे कोळशाच्या भुकटीत, एकमेकांना न चिकटतील असे पसरून तापवले जात. वितळताच पृष्ठताणामुळे प्रत्येक तुकडा आपोआप गोल होई. माप तारेच्या लांबीने साधायचे, गोलाई धातूवर सोपवायची! इसवी सनापूर्वी सातव्या शतकात इटलीतील इट्रस्कन सोनार या कामात निष्णात होते; तक्षशिलेच्या उत्खननातही रवाकामाचे सुवर्णालंकार सापडले आहेत.

४/ ही रीत दागिन्याला पुरेशी होती. बंदुकीच्या छऱ्र्यांना नव्हे. ते मणांनी लागत. १७८२ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने यावरील तोडग्याचे पेटंट घेतले. शिशात थोडे आर्सेनिक मिसळून ते उंचावरील चाळणीतून खाली सोडायचे. पडता पडता थेंब गोल होऊन गोठू लागतो. तळाचे पाणी त्याला झेलते. कोळशाच्या भुकटीचे काम येथे उंचीने केले.

५/ खामगावच्या दक्षिणेस, याच जिल्ह्यातील लोणार येथे निसर्गाने हेच केले होते. अशनीच्या आघाताने बेसाल्ट खडक वितळला, त्याचे थेंब हवेत उडाले आणि उडतानाच गोठले. तेथील मातीत असे सूक्ष्म काचमणी सापडतात. पदार्थ धातू नव्हे, खडक. नियम मात्र तोच.

६/ आज त्रिमितीय छपाईसाठी लागणारी धातूची भुकटीही याच नियमावर तयार होते : वितळलेल्या धातूच्या धारेवर वायूचा जोरदार झोत सोडतात, धारेचे सूक्ष्म थेंब होतात आणि खाली पडताना गोठतात.

७/ पेटंटमुळे वॉट्सचे नाव आणि वर्ष इतिहासाला ठाऊक आहे. कोळशात तारेचा पहिला तुकडा ठेवणाऱ्या सोनाराचे नाव कोणत्याही कागदावर नाही. त्याची साक्ष दागिन्यावरचे दाणेच देतात. म्हणून कारागिरीचा इतिहास शोधणाऱ्याने दप्तरांइतकेच लक्ष वस्तूंकडेही द्यायला हवे.