नव्या डोमेनवरून ई-मेल पाठवताना : रमजानचं आवाहन स्पॅममध्ये जाऊ नये म्हणून

जमात, मदरसा किंवा माजी विद्यार्थ्यांची संघटना नवी वेबसाइट काढते, त्याच डोमेनचा ई-मेल पत्ता घेते आणि रमजानच्या पहिल्याच दिवशी हजारभर लोकांना जकातीचं आवाहन पाठवते. त्यातले बरेचसे मेल स्पॅममध्ये पडतात. निमगाव सावासारख्या गावाला हे महागात पडतं, कारण मदत करणारी माणसं कामधंद्यानिमित्त पुण्या-मुंबईत, काही परदेशात असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप पोहोचतो. पण पावती, हिशेबाचा अहवाल आणि शिष्यवृत्तीचे कागद मेलनेच जातात.

असं का होतं?

नव्या गिऱ्हाइकाला किराणा दुकानदार पहिल्याच दिवशी महिन्याची उधारी देत नाही. जीमेल, याहू, आउटलुक यांचंही तसंच आहे. नव्या डोमेनची पत शून्य असते. ठग मंडळी रोज नवी डोमेन घेऊन फसवे मेल पाठवतात, त्यामुळे अनोळखी डोमेनवरून एकदम आलेला लोंढा संशयास्पद ठरतो. म्हणून मेलची संख्या हळूहळू वाढवायची. यालाच डोमेन 'वॉर्म-अप' म्हणतात.

आधी तीन नोंदी

डोमेन जिथून घेतलं, तिथल्या डीएनएस सेटिंगमध्ये या नोंदी टाकाव्यात :

१. एसपीएफ : आपल्या नावाने कोणता सर्व्हर मेल पाठवू शकतो, याची यादी. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद असावी. दोन झाल्या तर तपासणी फसते.

२. डीकेआयएम : प्रत्येक मेलवरची डिजिटल सही.

३. डीमार्क : वरच्या तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं, याची सूचना. सुरुवातीला 'नन' ठेवावी.

नोंदी झाल्यावर स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा. तो संगणकावर उघडून 'शो ओरिजिनल' दाबा. तिन्हींपुढे 'पास' दिसलं पाहिजे.

वेळापत्रक

यादी दीड हजारांची असेल तर रजबच्या सुरुवातीलाच काम हाती घ्या. ठरलेला नियम नाही, पण अंदाज असा :

पहिला आठवडा : रोज 20 ते 30. विश्वस्त, शिक्षक, नेहमी उत्तर देणारे ओळखीचे लोक.
दुसरा आठवडा : रोज 50 ते 80.
तिसरा आठवडा : रोज 150.
चौथा आठवडा : रोज 300. पुढे शाबानमध्ये हळूहळू पूर्ण यादी.

या काळात लोकांच्या कामाचंच पाठवा : निकाल, अर्जाची तारीख, गेल्या वर्षीचा हिशेब. 'मेल मिळाला का, एका ओळीत कळवा' असं जरूर लिहा. उत्तर आलं की पत वाढते. मेल स्पॅममध्ये सापडला तर 'स्पॅम नाही' दाबायला सांगा.

कुठे थांबायचं?

फेब्रुवारी 2024 पासून गुगल आणि याहूने नियम कडक केले. जीमेल खात्यांना दिवसाला 5,000 किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना वरच्या तिन्ही नोंदी सक्तीच्या आहेत, आणि प्रचाराच्या मेलमध्ये एका क्लिकवर नाव काढण्याची सोयही. आपण त्या आकड्याच्या खूप खाली असलो तरी हे सगळं करून ठेवावं. स्पॅमच्या तक्रारी 0.3 टक्क्यांच्या आत ठेवाव्या लागतात, म्हणजे हजारात तीनसुद्धा जास्तच. मेल परत येऊ लागले किंवा तक्रारी दिसल्या तर संख्या निम्मी करा आणि बंद पडलेले पत्ते काढून टाका.

विकत घेतलेली किंवा दुसऱ्या संस्थेकडून उचललेली यादी वापरू नका. ज्याने पत्ता दिला, त्याने तो आपल्याकडे अमानत म्हणून दिला आहे. नाव काढा म्हटलं की त्याच दिवशी काढा.

शेवटचं पाऊल

सगळे खरे मेल नीट 'पास' होऊ लागले की डीमार्क 'क्वारंटाइन' आणि मग 'रिजेक्ट'वर न्या. मग आपल्या डोमेनचा हुबेहूब पत्ता लावून कुणी जकातीचं खोटं आवाहन पाठवलं, तर डीमार्क पाळणाऱ्या मेल सेवा ते अडवतील. मिळत्याजुळत्या नावाचं डोमेन मात्र यातून अडत नाही. म्हणून खात्याचा नंबर बदलल्याचा मेल आला तर विश्वस्तांना फोन करूनच पैसे पाठवा, हे दर आवाहनात छापा.