यादीतून गळलेली रात्र : मुलांचे अवधान आणि झोप यांचा विस्मृत इतिहास

१/
१९८० साली अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनने आपल्या निदान-नियमावलीची, म्हणजे डीएसएमची, तिसरी आवृत्ती प्रसिद्ध केली. ज्यांचे लक्ष टिकत नाही अशा मुलांच्या विकाराला तिच्यात नवे नाव मिळाले : अटेन्शन डेफिसिट डिसऑर्डर. अतिचंचलतेची पाच लक्षणे तिथे नोंदलेली होती. सतत धावणे-चढणे, चुळबुळ, जागेवर न बसणे या दिवसाच्या लक्षणांसोबत एक लक्षण रात्रीचे होते : झोपेत फार हालचाल करणे.

२/
सात वर्षांनी, १९८७ मध्ये, सुधारित आवृत्ती आली. विकाराचे नाव एडीएचडी झाले आणि लक्षणांची यादी १४ कलमांची झाली. त्या १४ कलमांत झोपेला स्थान नव्हते. आज जगभर परिचित असलेले हे नाव ज्या वर्षी आले, त्याच वर्षी रात्र यादीतून गळाली. असे घडण्याची ही पहिली वेळ नव्हती. मुलाच्या अवधानाचा त्याच्या झोपेशी असलेला संबंध वैद्यकाने गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत अनेकदा पाहिला आणि जवळजवळ तितक्याच वेळा दृष्टीआड केला.

३/
या इतिहासाचा आरंभ शाळेत होतो. इंग्लंडमध्ये १८८० च्या कायद्याने ५ ते १० वर्षांच्या मुलांना शाळेत जाणे सक्तीचे झाले. शेतात, कारखान्यात किंवा गल्लीत वावरणारे मूल आता तासन् तास बाकावर बसू लागले. त्याचे लक्ष किती वेळ टिकते, हे रोज कोणीतरी पाहू लागले. ‘मंद’, ‘आळशी’, ‘द्वाड’ हे शेरे पूर्वी घरापुरते होते. आता ते शिक्षकाच्या नोंदीत आणि तिथून वैद्याच्या दवाखान्यात पोहोचले.

४/
त्याच सुमारास नाक-घशाचे शल्यवैद्य एका वेगळ्या वाटेने या मुलांपर्यंत येत होते. १८६८ मध्ये कोपनहेगनच्या विल्हेल्म मायर यांनी नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात वाढणाऱ्या ऊतींचे, म्हणजेच ॲडिनॉइडचे, वर्णन केले होते. ॲमस्टरडॅमच्या गाय नावाच्या तज्ज्ञांना आढळले की अशा काही रुग्णांचे चित्त कशावरच स्थिर होत नाही. या अवस्थेला त्यांनी ग्रीक शब्दांवरून नाव दिले : ‘ॲप्रोसेक्सिया’, अर्थात अवधानाचा अभाव. १८८९ मध्ये त्यांचा यावरील लेख इंग्रजीत प्रसिद्ध झाला.

५/
त्याच १८८९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये विल्यम हिल यांनी मुलांच्या ‘मागासलेपणा’च्या कारणांवर लिहिले. वर्गात मठ्ठ दिसणारे मूल, वारंवार डोके दुखल्याची तक्रार, तोंडाने श्वास, रात्री घोरणे, अस्वस्थ झोप आणि सकाळी कोरडे पडलेले तोंड : ही सर्व चिन्हे त्यांनी एकाच मालिकेत गुंफली. अशा मुलाकडे शाळेच्या वैद्याने आवर्जून लक्ष द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. वर्गातल्या अपयशाचे एक मूळ अंथरुणात असू शकते, हे इतक्या स्पष्टपणे सांगितले गेले होते.

६/
यामागची शारीरिक प्रक्रिया नंतर उलगडली. वाढलेले टॉन्सिल आणि ॲडिनॉइड झोपेत श्वासाची वाट अरुंद करतात. मेंदू प्रत्येक अडथळ्यावर शरीराला क्षणभर जागे करतो. मुलाला सकाळी यातले काही आठवत नाही, पण त्याची झोप रात्रभर तुकड्यातुकड्यांची झालेली असते. अशा रात्रीनंतर प्रौढ माणूस पेंगतो. लहान मूल मात्र अनेकदा पेंगण्याऐवजी अधिक धावते, चिडते, चुळबुळते. त्यामुळे त्याचा थकवा थकव्यासारखा दिसत नाही, खोडकरपणासारखा दिसतो.

७/
तरीही मुख्य प्रवाह वेगळ्या दिशेने गेला. १९०२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी तीन व्याख्याने दिली. बुद्धी शाबूत, पण आवेगांवर ताबा नाही, लक्ष टिकत नाही, शिक्षेचा परिणाम होत नाही, अशा मुलांचे त्यांनी बारकाईने वर्णन केले. एडीएचडीच्या इतिहासात या व्याख्यानांना मानाचे स्थान आहे. स्टिल यांनी या अवस्थेकडे वैद्यकीय प्रश्न म्हणून पाहिले, हे मोठेच पाऊल होते. पण त्यांनी वापरलेली संज्ञा ‘नैतिक नियंत्रणातील दोष’ अशी होती. चर्चेचा विषय मुलाचे वर्तन ठरला. त्याच्या झोपेकडे पाहणारे शल्यवैद्य वेगळ्या दालनात राहिले.

८/
पुढचा धडा एका साथीने शिकवला. १९१७ मध्ये व्हिएन्नात कॉन्स्टान्टिन फॉन इकोनोमो यांनी एका नव्या मेंदूज्वराचे वर्णन केले : एन्सेफलायटिस लेथार्जिका. १९२० च्या दशकापर्यंत ही साथ जगभर फिरली. काही रुग्ण आठवडेच्या आठवडे झोपून राहत, तर काहींना झोप येतच नसे. मृतांच्या मेंदूंचा अभ्यास करून फॉन इकोनोमो यांनी दाखवले की हायपोथॅलॅमसच्या मागील भागातील इजेने अतिनिद्रा येते, तर पुढील भागातील इजेने निद्रानाश होतो. झोप ही मेंदूची स्वतंत्र, नियंत्रित क्रिया आहे, या विचाराला येथून मोठे बळ मिळाले.

९/
या साथीतून वाचलेल्या मुलांनी वैद्यांना अधिकच कोड्यात टाकले. पूर्वी शांत असलेली मुले आता आवेगी, विध्वंसक, क्षणभरही स्थिर न राहणारी झाली. अनेकांची बुद्धी मात्र शाबूत होती. आणि त्यांच्यापैकी पुष्कळांचे दिवस-रात्र उलटले होते : दिवसा झोप, रात्री जागरण आणि धुमाकूळ. वर्तनाचा व झोपेचा बिघाड एकाच रुग्णात, एकाच वेळी समोर उभा होता. पण वैद्यकाने त्यातून वर्तनाचा धागा पुढे नेला. पुढील दशकांत ‘मेंदूची किमान इजा’ आणि मग ‘मेंदूची किमान विकृती’ अशा संज्ञा आल्या, परंतु झोपेचा धागा मागे पडला.

१०/
१९३७ मध्ये अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यातल्या एम्मा पेंडलटन ब्रॅडली होममध्ये चार्ल्स ब्रॅडली यांनी वर्तनसमस्या असलेल्या ३० मुलांना आठवडाभर बेन्झेड्रिन हे औषध दिले. मेंदूच्या क्ष-किरण तपासणीनंतर होणारी डोकेदुखी कमी व्हावी, या हेतूने ब्रॅडली या औषधाकडे वळले होते. घडले भलतेच. ३० पैकी १४ मुलांच्या शालेय कामात लक्षणीय सुधारणा झाली. मुलांनी त्या गोळ्यांना ‘गणिताच्या गोळ्या’ असे नाव ठेवले.

११/
या प्रसंगातला विरोधाभास ध्यानात घेण्याजोगा आहे. बेन्झेड्रिन हे ॲम्फेटामाइन, म्हणजे जागे ठेवणारे द्रव्य. दोनच वर्षांपूर्वी, १९३५ मध्ये, दिवसा अनावर झोप येणाऱ्या नार्कोलेप्सीच्या रुग्णांवर त्याचा उपचार सांगितला गेला होता. झोप घालवणाऱ्या औषधाने चंचल मूल शांत का होते, असा प्रश्न तेथेच उभा राहतो. जागृती आणि अवधान या मेंदूच्या निकटवर्ती व्यवस्था आहेत, असे त्याचे आजचे उत्तर आहे. याच औषधवर्गाने काही मुलांची रात्रीची झोप लांबते, हीसुद्धा त्याच नाण्याची दुसरी बाजू होय.

१२/
हिल यांचे निरीक्षण पुन्हा प्रकाशात यायला जवळजवळ नऊ दशके लागली. १९७६ मध्ये स्टॅनफर्डचे ख्रिश्चन गिलमिनो व सहकाऱ्यांनी झोपेत श्वास अडणाऱ्या आठ मुलांची नोंद प्रसिद्ध केली. शाळेतील घसरण आणि दिवसाचे बिघडलेले वर्तन त्यांच्यातही होते. १९९८ मध्ये डेव्हिड गोझल यांनी पहिलीच्या वर्गात तळाच्या १० टक्क्यांत असलेली २९७ मुले तपासली. त्यांतील ५४ मुलांच्या झोपेतील श्वसनात दोष आढळला. ज्या २४ मुलांची शस्त्रक्रिया झाली, त्यांचे गुण पुढील वर्षी वाढले.

१३/
दोष नेहमी घशातच असतो असे नाही. २००५ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी एडीएचडी असलेल्या ६ ते १२ वर्षांच्या मुलांत मेलाटोनिनची वेळ मोजली. अंधार पडल्यावर शरीरात स्रवणारे हे संप्रेरक रात्रीची चाहूल देते. ज्या मुलांना झोप लागायला फार वेळ लागत होता, त्यांच्यात ही चाहूल इतर एडीएचडीग्रस्त मुलांपेक्षा सुमारे पाऊण तास उशिरा येत होती. ‘मुद्दाम जागतो’ असा आरोप ज्याच्यावर होतो, त्या मुलाच्या शरीरात कदाचित रात्र अजून झालेलीच नसते.

१४/
येथे इतिहास एक इशाराही देतो. झोप सुधारली की एडीएचडी नाहीसा होतो, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. २०१३ मध्ये झोपेत श्वास अडणाऱ्या ४६४ अमेरिकन मुलांवरील मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. टॉन्सिल-ॲडिनॉइड काढल्यावर झोप सुधारली, पालक-शिक्षकांना वर्तनही सुधारलेले दिसले. मात्र अवधानाच्या औपचारिक कसोटीत वाट पाहिलेल्या मुलांहून लक्षणीय फरक पडला नाही. एडीएचडी हा मेंदूच्या विकासाशी निगडित, आनुवंशिकतेचा मोठा वाटा असलेला विकार आहे. वाईट झोप त्याचे सोंग घेऊ शकते, त्याला बळ देऊ शकते आणि त्याच्यामुळे उद्भवूही शकते. तिन्ही शक्यता वेगळ्या आहेत आणि त्या वेगळ्या ओळखाव्या लागतात.

१५/
त्या ओळखीचा लाभ लहान नाही. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात एडीएचडी आणि झोपेच्या तक्रारी असलेल्या २४४ मुलांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. निम्म्या कुटुंबांना झोपेच्या सवयींबद्दल केवळ दोन भेटींत आणि एका दूरध्वनीवर मार्गदर्शन मिळाले होते. सहा महिन्यांनंतरही त्या मुलांची झोप बरी होती आणि एडीएचडीची लक्षणे माफक प्रमाणात का होईना, कमी झाली होती.

१६/
शिक्षकाने, वैद्याने आणि नियमावलीने चंचल मूल प्रामुख्याने दिवसाउजेडी पाहिले. ते सर्वांत जास्त तिथेच खुपत होते. रात्री ते कसे झोपते, हे बहुधा फक्त त्याच्या आईला ठाऊक असे आणि तिला ते कोणी विचारत नसे. १८८९ मध्ये हिल यांनी मांडलेला प्रश्न म्हणूनच आजही जुना झालेला नाही. मुलावर शेरा मारण्यापूर्वी एवढेच विचारायचे : हे मूल घोरते का, किती वाजता झोपते आणि सकाळी कसे उठते?