उसनी नजर

पावसाळ्यात चिकूच्या खोडावर कोयत्याने खालून वर नागमोडी चिरा पाडत गेलं, की पांढरा चीक त्या चिरांतून ओघळत बुंध्याशी बांधलेल्या पिशवीत जमतो. तो कढवायचा आणि घट्ट झाला की त्याच्या विटा पाडायच्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतल्या च्युइंग गमच्या कारखान्यांना हा चीक लागायचा, आणि तो यायचा दक्षिण मेक्सिको, बेलीझ आणि ग्वाटेमालाचा पेतेन प्रांत इथल्या जंगलांतून. आपल्या डहाणू-घोलवडच्या वाड्यांत पिकणारा चिकू मूळचा याच मुलखातला. चीक काढणाऱ्यांना तिथे ‘चिक्लेरो’ म्हणतात. झाड हुडकत ते महिनोन्‌महिने रान तुडवायचे आणि झाडोऱ्यात गाडलेल्या पायऱ्या, कोरीव शिळा त्यांना आडव्या यायच्या. माया संस्कृतीची कितीतरी शहरं बाहेरच्या जगाला कळली ती त्यांच्या पायपिटीमुळे.

विमानातून लेझरचा मारा करून जंगलाखालची जमीन पाहण्याच्या तंत्राला लायडर म्हणतात. त्याची कुळकथा एरवी प्रयोगशाळेपासून सांगतात. मला ती चिक्लेरोंपासून सांगावीशी वाटते. कारण माया शहरं शोधणारी नजर जवळजवळ प्रत्येक पिढीत भलत्याच कामासाठी घडलेली होती आणि पुरातत्त्वाने ती उसनी घेतली.

१८३९ मध्ये जॉन लॉइड स्टीफन्स आणि चित्रकार फ्रेडरिक कॅथरवुड मध्य अमेरिकेत उतरले, तेव्हा त्यांच्यापाशी वाटाडे, खेचरं आणि चित्रं काढायचं साहित्य एवढंच होतं. होंडुरासमधल्या कोपानचे अवशेष स्टीफन्सने पन्नास डॉलरला विकत घेतले. त्यांच्या पुस्तकांनी युरोप-अमेरिकेला माया वास्तू दाखवल्या, पण वाट कापत जाणाऱ्याला दिसणार तेवढंच त्यांना दिसलं. पेतेनच्या रानात पिरॅमिडच्या अगदी जवळून गेलं तरी तो नजरेतून सुटू शकतो, इतकी झाडी दाट.

मग वरून पाहण्याची कल्पना आली. अटलांटिक एकट्याने ओलांडून गाजलेला वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग आणि पुरातत्त्वज्ञ आल्फ्रेड किडर यांनी १९२९ साली माया प्रदेशावरून विमान फिरवलं. फोटो सुंदर आले. पण झाडांच्या शेंड्यांच्या वर डोकं काढणारी तिकाल या माया शहरातल्यासारखी उंच मंदिरंच वरून ओळखू येत होती, घरं आणि रस्ते पानांखालीच राहिले. तरीही विमानाचा उपयोग झाला. १९३१ च्या डिसेंबरात सायरस लंडेल या वनस्पतिशास्त्रज्ञाला विमानातून दोन मोठे उंचवटे दिसले. तो चिकाचा व्यापार करणाऱ्या कंपनीच्या कामावर होता. त्या ठिकाणाला त्याने कलाकमूल हे नाव दिलं, आणि तिकालशी पिढ्यान्‌पिढ्या झुंजलेलं राज्य अभ्यासकांच्या नकाशावर आलं. बेलीझमधलं काराकोल १९३७ मध्ये सापडलं ते लाकडाच्या शोधात फिरणाऱ्या रोसा माय या लाकूडतोड्याला.

पुढची उसनवारी शुक्र ग्रहाकडून झाली. शुक्राच्या ढगांआडचा पृष्ठभाग पाहता यावा म्हणून नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत रडार तयार होत होतं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ते विमानात बसवून माया जंगलावरून नेलं गेलं. दलदलीत रेघांची जाळी दिसली आणि रिचर्ड अ‍ॅडम्स व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडलं की हे कालवे आहेत. खळबळ उडाली. पुढे लोक चिखल तुडवत गेले तेव्हा त्यातल्या बऱ्याच रेघांच्या जागी कालवा सापडला नाही. या प्रकरणाचं मोल मला मोठं वाटतं. यंत्राने दाखवलेलं पायी जाऊन पडताळायचं, ही शिस्त या विषयात पक्की व्हायला असे अनुभव कारणीभूत आहेत.

लेझर १९६० साली थिओडोर मायमनने कॅलिफोर्नियात पहिल्यांदा पेटवला. दोनच वर्षांत एमआयटीतल्या मंडळींनी त्याचा झोत चंद्रावर आपटून परतवला आणि १९७१ मध्ये अपोलो १५ या यानाने चंद्राभोवती फिरताना लेझरने खालचे चढउतार मोजले. तत्त्व साधं आहे. प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, सुमारे ३० सेंटिमीटर जातो. झोत जाऊन परत यायला लागलेला वेळ मोजला की अंतर कळतं. अवघड होतं ते वेगळंच: हवेत डुलणारं विमान नेमक्या त्या क्षणी कुठे होतं आणि किती कललेलं होतं, हे कळणं. जीपीएस आणि विमानाचा कल टिपणारी उपकरणं हाताशी आली, तेव्हा कुठे विमानातली लायडर मोजणी भरवशाची झाली.

ती मोजणी माया पुरातत्त्वात आली जंगल मोजणाऱ्यांच्या वाटेने. आर्लेन आणि डायन चेस हे दांपत्य १९८५ पासून काराकोलला खोदत होतं. पाव शतकाच्या मेहनतीत, झुडपं छाटत आणि साखळी ओढत, सुमारे २३ चौरस किलोमीटरचा नकाशा झाला होता. त्यांच्याच विद्यापीठातले जीवशास्त्रज्ञ जॉन वाइशॅम्पल लेझरने झाडांची उंची आणि जंगलाचे थर मोजायचे. लेझर शेंड्यापर्यंत आणि जमिनीपर्यंतही पोचतो. वाइशॅम्पलना रस होता वरच्या भागात, चेस दांपत्याला खालच्या. २००९ च्या एप्रिलमध्ये, कोरड्या हंगामाच्या शेवटी पानोळा विरळ असताना, विमानाने काराकोलवर काही दिवस घिरट्या घातल्या आणि २०० चौरस किलोमीटरची मोजणी झाली.

या मोजणीतला एकच चौरस मीटर बघा. त्यावर सरासरी २० मोजमापं पडली. बहुतेक झोत पानांवर, फांद्यांवर, वेलींवर आदळून परतले. जमिनीला पोचलेली मोजमापं सरासरी १.३५. विसातलं दीडसुद्धा नाही. पण असे चार अब्जांहून जास्त बिंदू होते. त्यातले झाडांचे वगळून उरलेल्यांवर संगणकात तिरका उजेड पाडला, तर उघडी जमीन समोर येते: डोंगरउतारावर एकाखाली एक बांध घातलेली शेतं, शहराच्या मध्यापासून निघालेले उंच रस्ते, घरांचे चौथरे. काराकोलच्या लोकांनी उतारच्या उतार बांधून काढले होते, हे चेस दांपत्य वर्षानुवर्षं सांगत आलं होतं; आता ते सगळ्यांना दिसत होतं.

त्यानंतर विमानं उडतच राहिली. ग्वाटेमालात २०१६ साली २,१४४ चौरस किलोमीटर मोजले गेले आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात ६१,४८० बांधकामं नोंदली गेली. त्यावरून अभ्यासकांनी अंदाज बांधला, की इसवी सन ६५० ते ८०० च्या सुमारास माया सखल प्रदेशाच्या मध्यभागात ७० लाख ते १ कोटी १० लाख माणसं राहत असावीत. तिकालमध्ये दशकानुदशकं संशोधक ज्याला टेकडी समजून बाजूने जात होते, ते बांधकाम निघालं. आणि २०२० मध्ये ताकेशी इनोमाता यांच्या गटाने मेक्सिकोच्या ताबास्को राज्यात आग्वादा फेनिक्स इथला १,४०० मीटर लांब, १० ते १५ मीटर उंच चौथरा जाहीर केला. इसवी सनापूर्वी १००० ते ८०० च्या दरम्यान तो रचला गेला. एवढा अवाढव्य आणि इतका पसरट, की त्यावर उभ्या असलेल्या माणसाला ती साधी जमीनच वाटावी. तिथली गुरं त्याच्यावरच चरत होती. त्याचा पहिला सुगावा लागला तो मेक्सिको सरकारने स्वतःच्या नकाशांसाठी केलेल्या ढोबळ लायडर मोजणीत.

मात्र लायडरला काळ कळत नाही. हजार वर्षांच्या अंतराने बांधलेले दोन चौथरे चित्रात शेजारी, सारखेच दिसतात. कोणता कोणत्या राजाच्या वेळचा, कोणतं घर रिकामं पडल्यावर कोणतं उभं राहिलं, हे खापराचे तुकडे आणि जळक्या लाकडाचा कोळसा सांगतो, आणि त्यासाठी खड्डा खणावाच लागतो. आग्वादा फेनिक्सचा काळ कळला तो उत्खननातल्या कोळशाच्या रेडिओकार्बन तपासणीमुळे. लोकसंख्येचे आकडे वाचतानाही हे ध्यानात ठेवायला हवं.

दुसरी गोष्ट बातम्यांच्या मथळ्यांची. दरवेळी ‘लुप्त शहर सापडलं’ असं छापून येतं आणि मला ते खटकतं. १९४६ मध्ये बोनाम्पाकची भित्तिचित्रं जाईल्स हीली या छायाचित्रकाराला दाखवली ती लाकांदोन माया लोकांनी. त्यांचं तिथे जाणं-येणं, पूजाअर्चा चालूच होती. माया लोक आजही लाखोंनी आहेत, माया भाषा बोलतात. सरसकट ‘लुप्त’ म्हटलं, की ही माणसं चित्रातून पुसली जातात.

२०२४ च्या ऑक्टोबरात नजर उसनी घेण्याचं आणखी एक प्रकरण पुढे आलं. टुलेन विद्यापीठाचा संशोधक ल्यूक ऑल्ड-थॉमस इंटरनेटवर शोधाच्या निकालांची पानंच्या पानं उलटत होता. त्यात त्याला मेक्सिकोच्या जंगलांत किती कार्बन साठला आहे हे तपासण्यासाठी एका पर्यावरण संस्थेने २०१३ मध्ये करून घेतलेली लायडर मोजणी सापडली. झाडं मोजणाऱ्यांना जमिनीवरच्या उंचवट्यांशी कर्तव्य नव्हतं. ऑल्ड-थॉमस आणि सहकाऱ्यांनी कांपेचे राज्यातल्या सुमारे १२२ चौरस किलोमीटरांच्या पट्ट्यांमध्ये ६,७६४ बांधकामं मोजली. त्यातच मंदिरांचे पिरॅमिड, चेंडूच्या खेळाचं मैदान आणि पाण्याचा साठा असलेलं एक मोठं शहर होतं. जवळच्या तळ्यावरून त्याला व्हालेरियाना हे नाव मिळालं. निबंध छापून आला तेव्हा संशोधक अजून तिथे गेलेले नव्हते. या अवशेषांजवळून मोटाररस्ता जातो, आसपास शेतकऱ्यांची वस्ती आहे, आणि त्यांची शेतं जुन्या बांधकामांना खेटून आहेत.