भेंडीचे गणगोत

कल्याण सोडून गाडी कर्जतच्या बाजूला वळली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानके एकामागून एक येतात. या गावांची ओळख कोणी विचारली तर सांगण्यासारखे पुष्कळ आहे. अंबरनाथला शके ९८२ चे, म्हणजे इ. स. १०६० चे, शिलाहारांच्या काळातले शिवालय आहे. उल्हासनगर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी वसवले. बदलापूरला प्रवासी घोडे बदलीत म्हणून ते नाव पडले, असे लोक सांगतात. हे सारे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पण या तिन्ही गावांच्या घडणीत आणखी एका घराण्याचा हात आहे, आणि त्याचा उल्लेख कोणत्याही बखरीत सापडायचा नाही. कारण ते घराणे झाडांचे आहे. वनस्पतिशास्त्रात त्याला भेंडी कुल म्हणतात.

कुळ म्हटले की खूण आलीच. ती पाहायला दुर्बीण नको, पुस्तकही नको. परसातले जासवंदीचे एक फूल तोडून हातात घ्या. पाच पाकळ्या, आणि त्यांच्या मधोमध बाहेर आलेली एक बारीक नळी. या नळीवर पिवळ्या परागांचे दाणे चहूबाजूंनी चिकटलेले असतात. पुंकेसर सुटे न राहता एकमेकांना जुळून त्यांची ही नळी झालेली असते, आणि तिच्या पोटातून स्त्रीकेसराचा दांडा वर येऊन टोकाशी पाच गोंडे मिरवतो. आता भेंडीचे फूल घ्या, अंबाडीचे घ्या, कपाशीचे घ्या. रंग निराळा, आकार लहानमोठा, पण मधली नळी तीच. एका आजीची नातवंडे जशी नाकावरून ओळखू येतात, तसेच हे. दुसरी खूण हाताला कळते. यांच्या अंगात बुळबुळीत रस असतो. भेंडी चिरणाऱ्या बाईला तो सांगायला नको. आणि तिसरी खूण सालीत असते. साल ओढली तर तुटत नाही, तिचा लांब धागा निघतो. अंबाडीचा दोर त्याच धाग्याचा.

एवढे ध्यानात ठेवून रेल्वेच्या बांधाने चालत गेले तर हे गणगोत पावलोपावली भेटते. मुद्रा नावाचे पिवळ्या फुलाचे झुडूप दिसेल. तिचे फळ नक्षीदार शिक्क्यासारखे असते, म्हणून ते नाव. काही ठिकाणी तिलाच पेटारी म्हणतात. पायाखाली चिकणा असतो. वैद्य ज्याला बला म्हणतात त्याचा हा भाऊबंद. खाडीकडे गेले तर भेंडाचे झाड, म्हणजे पारोसा पिंपळ. मुंबईतल्या भेंडी बाजाराचे नाव या झाडांवरून पडले, भाजीवरून नव्हे, असे जुने लोक सांगत.

शिक्षकांसाठी एक गोष्ट येथे सांगून ठेवतो. जुन्या क्रमिक पुस्तकांत सावरीचे शाल्मली कुल वेगळे, तागाचे म्हणजे ज्यूटचे परूषक कुल वेगळे आणि मुचकुंदाचे आणखी वेगळे दिलेले असे. वनस्पतींच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना होऊ लागल्यावर ही कुंपणे टिकेनात. १९९८ साली जगातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या एका गटाने जे नवे वर्गीकरण मांडले, त्यात ही चारही कुळे एकत्र करून एकाच भेंडी कुलात घातली. म्हणजे काटेसावर, ज्यूट, धामण, डोंगरातली केवण, एवढेच काय पण चॉकलेटचा कोकोदेखील आता कपाशीचा सोयरा झाला. केवण म्हणजे आपली मुरुडशेंग. तिची पिळदार शेंग बाळगुटीत उगाळतात आणि सालीचा दोर डोंगरातले लोक वळतात. ज्याने तो दोर वळला त्याला हे नाते हातानेच कळले असणार. पंडितांना थोडा वेळ लागला, इतकेच.

आता इतिहासाकडे येऊ. हा लोहमार्ग येथून गेला कशासाठी? मुंबई ते ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली, १८५४ साली ती कल्याणला आली, आणि १८५६ साली अंबरनाथ-बदलापूरच्या रानातून खोपोलीपर्यंत, घाटाच्या पायथ्याला पोहोचली. एवढी घाई लोकांना देवदर्शन घडावे म्हणून नव्हती. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा होता. १८४६ साली अमेरिकेतले पीक बुडाले तेव्हा त्या गिरणीवाल्यांचे डोळे हिंदुस्थानाकडे वळले, आणि १८४८ साली पार्लमेंटने येथल्या कापसाच्या चौकशीसाठी जॉन ब्राइट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. घाटावरचा कापूस तोवर बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून खाली उतरे. वाटेत धूळ, पाऊस, चोऱ्या. मुंबईला पोहोचेपर्यंत पांढऱ्याचा मातकट होई. लोहमार्ग झाला पाहिजे ही मागणी लष्कराची आणि व्यापाऱ्यांची होती, पण तिच्यातला मोठा आवाज कापसाचा होता. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि तिकडचा कापूस थांबला. ते युद्ध चालू असतानाच, १८६३ साली, बोरघाटातून गाडी सुरू झाली. दक्षिणेकडच्या कापसाच्या गासड्या बदलापूरवरून, अंबरनाथवरून मुंबई बंदराकडे धावू लागल्या. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले, मुंबईतल्या पेढ्या बुडाल्या. रूळ मात्र राहिले, आणि पुढची गावे त्या रुळांच्या कडेने वाढली.

अंबरनाथला कारखानदारी आली ती आगपेटीच्या रूपाने. पूर्वी काडेपेट्या स्वीडन आणि जपानमधून येत. १९२२ साली सरकारने आयात काड्यांवरचा कर वाढवून एका ग्रोसला, म्हणजे १४४ पेट्यांना, दीड रुपया केला. मग स्वीडिश कंपनीनेच विचार केला की पेट्या बोटीने आणण्यापेक्षा येथेच केलेल्या बऱ्या. १९२३ साली वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी स्थापन झाली. तिचेच छोटे नाव विम्को, आणि तिचा कारखाना अंबरनाथला उभा राहिला. कर बसवला तो परदेशी मालावर, आणि कारखाना काढला तो परदेशी मालकाने! व्यापारातल्या अशा गमती कळायला वेळ लागतो.

काडीला लाकूड कसे लागते, हे पाहण्यासारखे आहे. ते मऊ हवे, पांढरे हवे, सरळ रेषेचे हवे. ओंडका यंत्रावर गरगर फिरवून त्याची साल काढावी तशी पातळ पट्टी सोलतात, आणि त्या पट्टीच्या काड्या कापतात. सागवान येथे कामाचे नाही, शिसव तर नाहीच. आधी परदेशचे ॲस्पेनचे लाकूड वापरात होते. पण देशी झाडांत ज्याचे नाव पुढे आले ते आपल्या काटेसावरीचे. ज्या झाडाला घर बांधणारा सुतार हात लावीत नसे, ते आगकाडीचे भारतातले प्रमुख लाकूड ठरले. माघ-फाल्गुनात पाने झडून लाल फुलांनी पेटलेली सावर माळशेजच्या वाटेवर किंवा बदलापूरच्या डोंगरउतारावर आपण पाहिली असेल. तिचे लाकूड काडीच्या टोकाला खरोखरच पेटू लागले. कोकणात कित्येक गावी होळीला सावरच उभी करतात, तेव्हा अग्नीशी तिचा संबंध काही नवा नव्हे.

मात्र सावर झपाट्याने तुटली तशी लावली गेली नाही. काडीचे लाकूड कमी पडू लागले, आणि १९७० नंतरच्या दशकांत विम्कोने उत्तर प्रदेशच्या तराई भागात शेतकऱ्यांकडून पॉपलरची लागवड करवली. पॉपलर भेंडीच्या कुळातला नव्हे. पुढे कंपनी दुसऱ्या हाती गेली. अंबरनाथच्या आगपेटीचे ते दिवस सरले. विम्को नाका हे नाव तेवढे लोकांच्या तोंडी राहिले.

सावरीला कापूसही येतो. मग त्याचे सूत का कातत नाहीत, असे मुले विचारतात, आणि प्रश्न चांगला आहे. कपाशीचा तंतू सरकीच्या अंगावर उगवतो. तो वाळला की चपटा होऊन स्वतःभोवती पीळ घेतो. पीळ असल्यामुळे एक तंतू दुसऱ्याला धरून ठेवतो. सावरीचा तंतू फळाच्या आतल्या भिंतीवर उगवतो. तो गुळगुळीत आणि पोकळ नळीसारखा असतो, त्याला पीळ नाही. धरायलाच काही नाही, तर सूत कसे निघणार? म्हणून तो उशीत जातो आणि कपाशीचा अंगावर येतो. एवढ्याशा पिळावर माणसाची वस्त्रे उभी आहेत.

आता उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधमधून आलेल्या नव्वद हजारांहून अधिक माणसांना आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीचे नाव उल्हासनगर झाले. ही माणसे ज्या प्रांतातून आली तेथेच मोहेंजोदडो आहे. तेथल्या उत्खननात एका चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेले कापडाचे तुकडे मिळाले. याच लोहमार्गावरच्या माटुंग्याला १९२४ साली कापसाची प्रयोगशाळा निघाली होती. गुलाटी आणि टर्नर या तिच्या तज्ज्ञांनी १९२८ मध्ये ते तुकडे तपासून निर्वाळा दिला की हा कापूसच, आणि देशी कपाशीच्या जातीशी जुळणारा. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी सिंधमध्ये कापूस कातत होते!

फाळणीने माणसे तोडली, तशी पिकेही तोडली. ज्यूटची बरीचशी उत्तम शेते पूर्व पाकिस्तानात गेली आणि गिरण्या कलकत्त्याला राहिल्या. सिंध आणि पश्चिम पंजाबातला लांब धाग्याचा कापूसही पलीकडे गेला. मग आपल्याकडे ज्यूटच्या जोडीला अंबाडीचा धागा वाढवावा लागला. आपण जिच्या पाल्याची आंबट भाजी कण्यांत शिजवून खातो ती ही अंबाडी, गिरण्यांच्या मदतीला गेली. उल्हासनगरच्या सिंधी मंडळींनी मात्र हाती काही नसताना कापडाचा धंदा पुन्हा उभा केला, आणि पुढे जीनच्या विजारी शिवण्यात या गावाने नाव काढले. जीनचे जाडे कापड कापसाचेच. शेजारी शहाडला १९५६ पासून रेयॉनचा धागा निघू लागला. तो लाकडाच्या लगद्यापासून करतात, आणि कापसातले मुख्य द्रव्य जे सेल्युलोज, तेच त्याच्यात असते. म्हणजे कपाशीचा प्रतिस्पर्धी तिच्या दारात येऊन बसला.

बदलापूरच्या वाट्याला यंत्रे थोडी आणि शेती अधिक आली. भात निघाल्यावर पाण्याची सोय असेल तेथे भेंडी करायची, ही या बाजूच्या आणि मुरबाडकडच्या शेतकऱ्यांची रीत. भेंडीचा मोठा शत्रू म्हणजे हळद्या, काही ठिकाणी केवडा म्हणतात तो. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग सारे पान पिवळे, आणि शेंग पांढुरकी व निबर. कुलकर्णी नावाच्या शास्त्रज्ञांनी १९२४ साली मुंबई इलाख्यात या रोगाची पहिली नोंद केली. तो विषाणूचा रोग आहे, आणि पांढरी माशी त्याला झाडोझाड नेते.

येथे गणगोत ओळखण्याचा उपयोग होतो. नात्यातल्या झाडांचे रोग आणि किडीही सामाईक असतात. कपाशीची ठिपक्यांची बोंडअळी भेंडीचे शेंडे पोखरते. तांबडा ढेकूण सरकीवर जगतो तसा सावरीच्या बियांवरही जगतो. बांधावरची मुद्रा आणि रानभेंडी यांवर कीड हंगाम काढते आणि पीक उभे राहिले की शेतात उतरते. म्हणून भेंडीच्या वावराला लागून कपाशी नको, आणि बांध स्वच्छ हवा, असे शेतीखाते सांगते ते खरे आहे.

पण रानातल्या या गरीब नातेवाइकांना सरसकट उपटून टाका म्हणणे मला पटत नाही, आणि त्याला कारण आहे. हळद्यापुढे भेंडीच्या चांगल्या चांगल्या जाती हरल्या. दिल्लीची पुसा सावनी काही वर्षे टिकली, मग तीही पिवळी पडू लागली. तेव्हा परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी पुसा सावनीचा संकर भेंडीच्या एका रानटी बहिणीशी केला. ती खायच्या कामाची नाही, पण हळद्या तिला सहसा धरीत नाही. काम सोपे नव्हते. अशा दूरच्या संकराला बी नीट धरत नाही. संकरातली निरोगी झाडे निवडायची, त्यांचा पुन्हा भेंडीशी संकर करायचा, पुन्हा निवडायची, असे पिढ्यान्‌पिढ्या करावे लागले. शेंग भेंडीची आणि बळ रानातले, असे झाड हाती आले, आणि १९८५ साली परभणी क्रांती या नावाने ती जात शेतकऱ्यांना मिळाली. बंगलोरच्या संशोधन संस्थेची अर्का अनामिकाही अशाच रानटी नात्यातून निघालेली.

विषाणूही स्वस्थ बसत नाही. परभणी क्रांतीवरही पुढे हळद्या दिसू लागला, आणि संशोधकांना पुन्हा रानातल्या जातींकडे वळावे लागले. रानभेंडीचे काही प्रकार आपल्या सह्याद्रीच्या उतारांवर पावसाळ्यात आपोआप उगवतात, पिवळे फूल आणि मध्ये गडद डोळा. बदलापूरच्या पलीकडे जेथे घरांच्या रांगा अजून पोहोचलेल्या नाहीत, तेथे श्रावण-भाद्रपदात मुलांना घेऊन गेलात तर ती पाहायला मिळावी. देठाला बारीक लव असते, ती हाताला खाजते. तेवढे सांभाळून फूल उघडावे आणि मधली नळी मुलांना दाखवावी.