इंजिनाला चढ नको होता

चढावर सायकल मारताना आपल्याला दम लागतो. वाफेच्या इंजिनाचं दुखणं याहून मोठं होतं. पोलादी रुळावर पोलादी चाक, घर्षण इतकं कमी की सपाटीवर शेकडो टन ओझं सहज पळतं. पण थोडा चढ आला की तेच चाक जागच्या जागी गरागरा फिरायला लागतं. म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या रेल्वे इंजिनिअरांचं निम्मं आयुष्य जमीन सपाट करण्यात गेलं. टेकडी आली की कापायची, फार उंच असली तर बोगदा खणायचा, आणि कापून निघालेली माती पुढच्या खोलगट भागात टाकून भराव घालायचा. शंभर मीटरला एक मीटर, साधारण एवढा चढ त्यांना परवडायचा. आपला बोरघाट हा नाइलाज होता. तिथे सदतीस मीटरला एक मीटर चढ आहे, म्हणून तर कर्जतला गाडीला मागून ढकलायला बँकर इंजिनं लागत आली आहेत.

ही सगळी खटपट कोळसा आणि प्रवासी वाहण्यासाठी होती. दीडशे वर्षांनी तिचा फायदा कुणाच्या तरी आजीच्या गुडघ्यांना होईल, हे त्या इंजिनिअरांच्या स्वप्नातही नसणार.

मधला दुवा आहे रिचर्ड बीचिंग. रसायनांच्या कंपनीतून ब्रिटिश रेल्वेच्या अध्यक्षपदावर आलेला हा माणूस. रेल्वे तोट्यात होती आणि त्यानं १९६३ साली अहवाल दिला: दोन हजारांहून जास्त स्थानकं आणि सुमारे पाच हजार मैलांचे मार्ग बंद करा. सगळं काही त्याच्या सांगण्यानुसार झालं नाही, पण बरंच झालं. रूळ उखडून भंगारात गेले. मागे उरल्या लांबच लांब पट्ट्या: सपाट, मोटारींच्या रस्त्यांपासून वेगळ्या, दोन्ही बाजूंना काटेरी झुडपं वाढलेल्या. शिव्या खाण्यात बीचिंगचा हात आजही ब्रिटनमध्ये कुणी धरू शकत नाही, आणि ग्रामीण भागाचं जे झालं ते बघता त्या शिव्या बऱ्याचशा रास्तच आहेत. पण सायकलवाल्यांवर त्याचे नकळत उपकार झाले.

बाथ आणि ब्रिस्टल या शहरांमधली एक लाइन १९६६ मध्ये प्रवाशांसाठी बंद झाली. १९७७ साली ब्रिस्टलमध्ये ‘सायकलबॅग’ नावाचा एक गट उभा राहिला. पेट्रोलचा भडका ताजा होता आणि शहरातल्या वाहतुकीला लोक वैतागले होते. गटातला जॉन ग्रिमशॉ हा सिव्हिल इंजिनिअर. १९७९ पासून या लोकांनी बाथच्या बाजूनं कामाला सुरुवात केली. फावडी घेऊन स्वयंसेवक आले, झुडपं तोडली, खडी पसरली. १९८६ पर्यंत तेरा मैलांचा, म्हणजे जवळपास २१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. वाटेत एव्हन नदी पुन्हा पुन्हा ओलांडावी लागते, स्टेपल हिलचा जवळपास अर्धा किलोमीटर लांबीचा बोगदा लागतो, आणि बिटन स्थानकाजवळ हौशी मंडळींनी जपलेली जुनी आगगाडी मार्गाला लागूनच धावते. याच गटातून पुढे सस्ट्रान्स ही संस्था झाली आणि तिनं लॉटरीच्या पैशातून देशभर सायकल मार्गांचं जाळं विणायला घेतलं.

सायकलबॅग ही वाहतुकीची चळवळ होती. म्हातारपण हा तिचा विषय नव्हता. तो विषय चढाच्या गणितातून आपोआप आत आला.

गणित सोपं आहे. माणूस आणि सायकल मिळून ९० किलो धरा, वेग ताशी १२ किलोमीटर. शंभराला एक चढ असेल तर सपाटीपेक्षा सुमारे ३० वॅट जादा ताकद लागते. शंभराला पाच असेल, म्हणजे गावातल्या साध्या रस्त्याचा चढ, तर सुमारे १५० वॅट. पंचविशीतल्या पोराला हा फरक घाम पुसण्याइतका. सत्तरीतल्या माणसासाठी मात्र सायकल घराबाहेर काढायची की नाही, हे त्यावर ठरतं. त्यात मोटारी नाहीत. वय वाढलं की मान पटकन मागे वळत नाही, ऐकू कमी येतं, उतरताना तोल जातो. मागून ट्रक येत नाही याची खात्री असेल तर या सगळ्यासह सायकल चालवता येते.

बाथच्याच दक्षिणेला दुसरा मार्ग आहे. त्याची गोष्ट काळी आहे. सॉमरसेट अँड डॉर्सेट रेल्वेची ही लाइन १८७४ मध्ये बाथपर्यंत आली. पैसे तुटपुंजे, म्हणून कूम डाउनचा बोगदा एकाच रुळापुरता अरुंद खणला, तोही हवा येण्यासाठी वर एकही झडप न ठेवता. २० नोव्हेंबर १९२९ ला एक मालगाडी अगदी संथपणे त्यातून चढत होती. धूर कोंडला आणि ड्रायव्हर व फायरमन बेशुद्ध झाले. गाडी मात्र थांबली नाही. रखडत बोगद्याच्या तोंडातून बाहेर आली आणि पुढच्या उतारावर सुसाट सुटून बाथच्या यार्डात जाऊन कोसळली. ड्रायव्हरसह तिघे गेले. हीसुद्धा लाइन १९६६ मध्येच बंद झाली. एप्रिल २०१३ मध्ये तोच बोगदा पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी उघडला: १,६७२ मीटर, ब्रिटनमधला सायकलचा सर्वांत लांब बोगदा. आत दिवे आहेत आणि मधल्या टप्प्यात संगीत वाजतं. बाथकडून येणारा पन्नासाला एक असा चढ इंजिनांचा जीव काढायचा. बॅटरीच्या सायकलवर तो जाणवतही नाही.

बॅटरीच्या सायकलींना ‘ही काय सायकल’ म्हणून नाक मुरडणारे आपल्याकडेही आहेत. रेडिंग आणि ऑक्सफर्ड ब्रूक्स विद्यापीठांच्या संशोधकांनी ५० ते ८३ वयाच्या लोकांना आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, अर्धा अर्धा तास सायकल चालवायला दिली. काहींना साधी, काहींना बॅटरीची. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. मेंदूच्या काही कामांत, विशेषतः लक्ष आवरून निर्णय घेण्याच्या क्षमतेत, दोन्ही गटांत सुधारणा दिसली, आणि मन:स्वास्थ्यात बॅटरीवाले थोडे पुढेच होते. अभ्यास छोटा होता, त्यावर इमले बांधू नयेत. पण केवळ घाम गाळल्यानं फायदा होतो, हे समीकरण त्यानं डळमळीत केलं एवढं नक्की.

आता अडथळ्यांकडे. हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा.

मार्ग तयार झाले तशी एक भीती आली: पोरं मोटरसायकली घेऊन घुसतील. मग प्रत्येक तोंडाशी फाटकं बसली. कुठे नागमोडी कठडे, कुठे खांद्यापाशी अरुंद होत जाणारी लोखंडी चौकट, कुठे गुरांसाठी असतं तसं झुलतं फाटक. धडधाकट माणूस उतरतो, सायकल उचलतो, पलीकडे जातो. तीनचाकी सायकलवाल्याचं काय? तोल जायला लागला म्हणून कितीतरी वयस्कर लोक तीन चाकांवर येतात. त्यातल्या काहींना दोनशे पावलं चालणंही जड जातं. त्यांची सायकल हीच त्यांची काठी असते. त्यांना ‘इथे उतरा’ अशी पाटी दाखवायची म्हणजे चष्मेवाल्याला दारात चष्मा काढून ठेवायला सांगण्यासारखं. (आपल्या फुटपाथांवर दुचाकी चढू नयेत म्हणून रोवलेले खांब आठवा. दुचाकीवाला बाजूनं वाट काढतोच, अडकते ती व्हीलचेअर.)

२०१८ मध्ये सस्ट्रान्सनं आपल्याच जाळ्याची मोजणी केली, तेव्हा असे सोळा हजारांहून जास्त अडथळे सापडले. जॉर्ज स्टीव्हनसनच्या काळापासून डोंगर कापून सपाट केलेली जमीन फुकट मिळाली होती आणि तिच्या दारात आपल्याच हातानं उंबरा घातला होता! संस्थेनं हा आकडा लपवला नाही, उलट स्वतःच छापला, याचं श्रेय तिला द्यायला हवं. दोन वर्षांनी तिनं नकाशावरचा सुमारे चौथा हिस्सा एक तर काढून टाकला किंवा वेगळ्या वर्गात घातला, कारण ते रस्ते रहदारीचे होते आणि कुणालाही बिनधास्त जा म्हणून सांगण्यासारखे नव्हते. हजारो मैलांचं जाळं म्हणून मिरवणाऱ्या संस्थेला हे सोपं गेलं नसणार.

त्याच २०२० मध्ये इंग्लंडच्या वाहतूक खात्यानं नवे नियम काढले. सायकल मार्ग आखताना डोळ्यांसमोर कोणती सायकल ठेवायची, याचं मापच दिलं: २.८ मीटर लांब, १.२ मीटर रुंद. यात तीनचाकी बसते, जोडसायकल बसते, हातानं चालवायची सायकलही बसते.

नव्या मार्गांना हे माप लागू झालं. जुनी फाटकं काढण्याचं काम मात्र एकेक करून चालतं, कारण जाळ्याचा बहुतांश भाग सस्ट्रान्सच्या मालकीचा नाही. कुठे शेतकरी, कुठे नगरपालिका, कुठे कालव्यांची संस्था. प्रत्येकाकडे जायचं, चौकट दाखवायची, टेप लावून तिची रुंदी मोजायची आणि विचारायचं, ही काढू का? आणि बहुतेक ठिकाणी पहिला आक्षेप चाळीस वर्षांपूर्वीचाच येतो: मोटरसायकली घुसतील.