वरच्या बाणावर चिकटपट्टी

१५ एप्रिल १९८६ला कॅनडाच्या एईसीएल कंपनीनं आपलं यंत्र वापरणाऱ्या रुग्णालयांना एक पत्र पाठवलं. कीबोर्डवरची वरच्या बाणाची कळ काढून टाका आणि आत इलेक्ट्रिकल टेप लावून ती बंद करा, असं त्यात होतं. यंत्र होतं थेरॅक-२५, कॅन्सरच्या पेशंटना रेडिएशन देणारं. एका कळीमुळे माणसं मरत होती, आणि कंपनीचा तातडीचा उपाय होता चिकटपट्टी.

त्याआधी काय झालं ते सांगते.

२१ मार्चला टेक्सासमधल्या टायलर गावी एका माणसाच्या पाठीवर नेहमीप्रमाणे १८० रॅडचा डोस द्यायचा होता. ऑपरेटर बाई कामात तरबेज. घाईत इलेक्ट्रॉनच्या ‘ई’ऐवजी क्ष-किरणांचा ‘एक्स’ दाबला गेला. बाईंनी बाणानं वर जाऊन चूक सुधारली, भराभर एंटर मारले आणि झोत सुरू केला. यंत्र थांबलं. पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’. असले संदेश रोजचेच, म्हणून त्यांनी पुढे चालू ठेवायची कळ दाबली. आत पेशंटला विजेचा झटका बसल्यासारखं झालं. तो उठायला लागला, तेवढ्यात दुसरा झटका. त्या दिवशी खोलीतला कॅमेरा आणि इंटरकॉम दोन्ही बंद होते, त्यामुळे तो दारावर हात आपटेपर्यंत बाहेर काहीच कळलं नाही. डोस १६,५०० ते २५,००० रॅड असावा, असा अंदाज नंतर निघाला. पाच महिन्यांनी तो गेला.

कंपनीचे इंजिनिअर आले. त्यांनी पुष्कळ प्रयत्न केले, पण ५४ काही दिसेना. जास्त डोस जाणं शक्यच नाही, असं त्यांनी सांगितलं. ७ एप्रिलला यंत्र पुन्हा सुरू झालं आणि ११ तारखेला त्याच ऑपरेटरच्या हातून, तसंच ‘एक्स’चं ‘ई’ करताना, दुसरा पेशंट भाजला. तो तीन आठवड्यांत गेला.

‘आमच्याकडे घडत नाहीये’ एवढं लिहून मी स्वतः किती तिकिटं बंद केलीत, त्याचा हिशेब नाही. त्यामुळे त्या इंजिनिअरांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

यंत्र बंद करून तिथले भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर त्या बाईंना घेऊन कीबोर्डपाशी बसले. नेमकं काय दाबलं होतं ते बाईंना आठवत होतं. पुन्हा पुन्हा तेच टाइप करता करता ५४ उमटला. गोम वेगात होती. यंत्रातली चुंबकं जागेवर यायला सुमारे आठ सेकंद लागायची. तेवढ्यात पडद्यावर केलेली दुरुस्ती प्रोग्रॅमच्या एका भागाला कळायची, दुसऱ्याला नाही. मग झोत क्ष-किरणांसाठी लागणारा, म्हणजे सुमारे शंभरपट तीव्र, आणि तो अडवणारा धातूचा तुकडा मात्र मध्ये नाही. सावकाश, जपून टाइप करणाऱ्या इंजिनिअरांना हे कधीच दिसलं नसतं. कंपनीलासुद्धा हेगरनी ‘भराभर करा’ असं सांगितल्यावरच ते जमलं.

१९८५ ते १९८७ या काळात या यंत्राचे असे सहा अपघात झाले. ते सगळे या एका बगमुळे नव्हते. याकिमा इथल्या १९८७च्या अपघातात एक बाइटचा आकडा २५५च्या पुढे जाऊन शून्य झाला आणि तपासणीच वगळली गेली. बाणावर पट्टी लावून तो टळला नसता.

मला राहून राहून आठवतं ते आधीचं मॉडेल, थेरॅक-२०. टायलरची बातमी ऐकून शिकागो विद्यापीठात शोध घेतला, तर तोच बग त्यातही निघाला. पण त्या यंत्रात झोत अडवणारी वेगळी सर्किटं होती. थेरॅक-२५ करताना ती काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर टाकली होती. शिकागोत दर सत्राच्या सुरुवातीला नवे विद्यार्थी यंत्राशी खेळायचे, वाट्टेल ते टाइप करायचे आणि फ्यूज उडायचे. कुणीतरी जाऊन ते बदलायचं.